आमचे साडू मशीन बघायला जातात

आपण लग्न करतो एका बाईशी आणि पदरात पडतो तिच्या बहिणीचा नवरा. त्याला आपण निवडलेलं नसतं, त्यानेही आपल्याला निवडलेलं नसतं, पण घरात चार माणसं जमली की दोघांना एका सोफ्यावर बसवतात आणि ‘तुम्ही बसा बोलत’ असं सांगून बाकीचे आत निघून जातात. माझ्या वाट्याला आलेले थोरले साडू विमा कंपनीचे सर्व्हेअर आहेत. मी टेम्पो चालवतो, लोकांचं सामान या घरातून त्या घरात नेतो. त्यामुळे आम्हा दोघांत बोलण्यासारखा विषय एकच, माझ्या टेम्पोला नवीन कुठे घासलंय. ते मला सांगतात आणि मी ऐकतो.

सर्व्हेअर काय करतो ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोणाची गाडी ठोकली, कोणाच्या दुकानात पाणी शिरलं, की कंपनी यांना पाठवते. यांनी जायचं, मोडलेली वस्तू बघायची आणि ती मोडायच्या आधीसुद्धा फारशी धड नव्हती हे सिद्ध करायचं. गाडीचा मालक शेजारी डोळे पुसत उभा असतो आणि हे हात मागे बांधून गाडीभोवती फेऱ्या मारत असतात. ‘हा पत्रा आधीचाच गंजलेला आहे.’ ‘हा रंग दुसऱ्यांदा मारलाय.’ ‘टायर? टायर तसेही बदलायलाच झाले होते.’ शेवटी शेवटी मालकालाच वाटायला लागतं की असली गाडी आपण चालवत होतो ही आपलीच चूक. कंपनीत यांना मागून ‘टोटल लॉस’ म्हणतात, म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला माल. हे त्यांच्या कानावर आलेलं आहे आणि ते ऐकून त्यांची कॉलर आणखी ताठ झालेली आहे.

आता माणसाने घरी आल्यावर कामाचे कपडे उतरवावेत की नाही? हे उतरवत नाहीत. मी घर घेतलं तेव्हा सगळे कौतुकाने बघायला आले. हे सरळ न्हाणीघरात गेले, भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘ओल येणार.’ माझ्या बायकोचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी असं म्हटलं याचा मला राग नाही. पुढच्या वर्षी खरंच ओल आली, त्याचा आहे. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती हल्ली केस कापून आली की दारातच सांगते, ‘डावीकडे जास्त गेलेत, माहीत आहे मला,’ आणि तडक स्वयंपाकघरात जाते. संसार असा सुरळीत चाललेला आहे.

या घरात एक मुलगी वाढली, हे मला आजही नवल वाटतं. घरात तिला बिट्टी म्हणतात. शाळेत असताना तिने एकदा चित्र काढून आणलं. घर, झाड आणि हात धरून उभी असलेली तीन माणसं. वडिलांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, ‘दार माणसांपेक्षा लहान आहे. ही माणसं आत जाणार कशी?’ मी तेव्हा तिथे होतो. पोरीने कागद परत घेतला आणि बराच वेळ दाराकडे बघत बसली. पुढे तिला दवाखान्यांतली बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायची नोकरी लागली, तर हे म्हणाले, ‘फिरतीचं काम, बढती शून्य.’ तिने कामाच्या जवळ एक खोली घेतली, तर हे जाऊन आले आणि म्हणाले, ‘जिना अरुंद आहे. उजेड नाही.’

त्यानंतर तिचं घरी येणं बंद झालं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. ती आईला फोन करायची आणि विचारायची, ‘बाबा कसे आहेत?’ बाबा शेजारीच बसलेले असायचे. ते म्हणायचे, ‘बरा आहे म्हणून सांग.’ ताई सांगायची. ताई मधल्या मधे टेलिफोन एक्स्चेंज झाली होती. पोरीने यावं म्हणून तिचा बाप आतून तडफडत होता, हे मला ताईकडूनच कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं काही कारणच नव्हतं. तो चेहरा ठोकलेल्या गाडीसमोर असतो तसाच जेवणाच्या ताटासमोरही असतो.

पण या माणसाने जन्मात एका वस्तूला नावं ठेवलेली नाहीत. कॉलेजात असताना ते एका बोळातल्या दुकानात जाऊन व्हिडिओ गेम खेळत. उभं, कपाटाएवढं मशीन. नाणं टाकायचं, दांडा धरायचा आणि वरून येणारी विमानं पाडायची. त्या मशीनवर सगळ्यात जास्त गुण यांचे होते आणि दुकान बंद होईपर्यंत ते कोणी मोडले नाहीत. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाजच बदलायचा. बटण दाबल्यावर कसा खट्ट आवाज यायचा, काचेच्या आतून रंगीत उजेड कसा तोंडावर पडायचा, सगळं सांगायचे. बिट्टी लहानपणी झोपताना हीच गोष्ट मागायची. मला वाटतं, बाप खुश असताना कसा दिसतो हे तिने तेवढ्यातच बघितलं असेल.

तर एके दिवशी तिचा फोन आला. आईला नाही, थेट बापाला. ताईने मला सांगितलं की फोनवर तिचं नाव बघून हे उठूनच उभे राहिले.

‘बाबा, तुम्ही सांगायचात ना ते गेमचं मशीन? अगदी तसलंच एक सापडलंय. बंद आहे. तुम्ही येता का? बघून सांगा, कसं वाटतं.’

एवढंच ती म्हणाली. ‘विकत घ्यायचं का’ असं तिने विचारलंच नव्हतं, हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. सर्व्हेअरला कोणी वस्तू बघायला बोलावलं की तिची किंमत करायलाच बोलावलं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी लगेच मला फोन केला. ते मला ‘धाकटे’ म्हणतात.

‘धाकटे, टेम्पो काढा. माल आणावा लागेल कदाचित. आज नाही, पण टेम्पो कुठे लावायचा ती जागा बघून ठेवा.’

मी गेलो तर हे निघायच्या तयारीत. खिशात बॅटरी, लोहचुंबक, लांब दांडीचा छोटा आरसा आणि पांढरं फडकं. दाढी गुळगुळीत केलेली. ठोकलेली गाडी बघायला जाताना हे दाढी करत नाहीत. टेम्पोत बसल्यावर मला म्हणाले, ‘एक ध्यानात ठेवा. तिथे तुम्ही तोंड उघडायचं नाही.’

‘मी कधी उघडतो?’

‘वस्तू जेवढी आवडली तेवढं तोंड वाकडं करायचं. विकणाऱ्याला एकदा का कळलं की आपल्याला ती हवी आहे, की संपलं. तो डोक्यावर मिऱ्या वाटतो.’

‘मग बिट्टीला हे सांगून ठेवा. नाहीतर तिला खरंच वाटेल.’

‘अजिबात नाही. तिच्या पोटात काही राहत नाही. तिचा चेहरा लगेच बोलतो. तिला खरं वाटलं तरच त्या माणसाला खरं वाटेल.’

मी टेम्पोचा गिअर टाकला. शहाण्या माणसाला आपण काय सांगणार?

मशीन एका लाँड्रीत होतं. रस्त्याकडे काउंटर, काउंटरवर इस्त्री आणि इस्त्रीमागे एक बारीक अंगाचा लाँड्रीवाला, जो बोलतानासुद्धा इस्त्रीवरून नजर उचलत नव्हता. कधीकाळी त्याच्या भावाचं तिथे गेमचं दुकान होतं. बाकीची मशीनं गेली, हे एक राहिलं, आणि इतकी वर्षं त्याच्या माथ्यावर इस्त्री केलेल्या शर्टांच्या चळती रचल्या जात होत्या. बिट्टी आमच्या आधीच आली होती. तिने शर्ट बाजूला ठेवून मशीन पुसून काढलेलं दिसत होतं, कारण तिच्या दोन्ही बाह्या काळ्या झाल्या होत्या. आम्हाला बघून ती काउंटरमागून बाहेर आली. तिचा चेहरा असा फुललेला मी तिच्या लहानपणानंतर बघितला नव्हता.

‘बाबा, डोळे मिटा आधी.’

‘कशाला?’ साडू म्हणाले आणि उघड्या डोळ्यांनीच आत गेले.

मी त्यांच्या मागेच होतो. मशीन दिसल्याबरोबर त्यांचा हात आपोआप वर उचलला गेला, दांड्याच्या दिशेने. बिट्टी मागे होती, तिला ते दिसलं नाही. दुसऱ्या क्षणी तो हात खाली आला, दुसरा हात येऊन त्याला पाठीमागे धरून बसला आणि आमचे साडू ड्यूटीवर हजर झाले.

त्यांनी एक फेरी मारली. ओठ दुमडले. दुसरी फेरी मारली. बॅटरी काढून तळाशी मारली.

‘खाली प्लायवूड फुगलंय. पाणी लागलंय याला.’

‘थोडंसंच आहे बाबा, कापून नवीन लावता येईल.’

‘दांडा मोडका. बटणं किती... दोन गायब. काचेला तडा.’ मग मागचं झाकण काढून आत आरसा घातला. ‘हे बघा, उंदरांनी वायरी खाल्ल्यात. घर करून राहिले होते वाटतं.’

लाँड्रीवाला शर्टाची कॉलर दाबत होता. त्याने फक्त एकदा बिट्टीकडे बघितलं. बिट्टीने त्याला हातानेच थांबायची खूण केली. मला वाटलं, पोरगी हुशार आहे, तीही भाव पाडतेय.

‘चालू करून दाखवते,’ ती म्हणाली आणि प्लग लावला. मशीन गुरगुरलं. पडद्यावर चित्र आलं नाही, मधोमध एक आडवी पांढरी रेघ तेवढी उमटली. पण आतून आवाज आला. विमानं पाडायचा, टुंई टुंई असा. माझ्यासारख्या माणसालाही तो आवाज ऐकून बरं वाटलं. साडूंच्या मानेवरची शीर उडताना मी बघितली.

‘बघा बाबा! आवाज येतोय म्हणजे बोर्ड जिवंत आहे. गेम आत नीट चालू आहे, फक्त चित्र पसरत नाहीये. हे दुरुस्त होतं. मी दवाखान्यातल्या पडद्यांचं—’

‘तू गप्प बस,’ साडू म्हणाले. ‘दवाखान्यातलं वेगळं. तुला यातलं काय कळतंय?’

लाँड्रीवाल्याची इस्त्री शर्टावरच थांबली. बिट्टीने प्लग काढला. आवाज बंद झाला, रेघ आकसून एक ठिपका राहिला आणि तोही गेला.

‘कसं वाटलं मग?’ तिने विचारलं. हळूच.

सर्व्हेअरसाहेबांनी पांढऱ्या फडक्याने बोटं पुसली, एक एक करून. ‘भंगार आहे. कोणी फुकट दिलं तरी ठेवायला जागा लागेल. यासाठी मला एवढ्या लांब बोलावलंस?’

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग काळ्या झालेल्या बाह्या दुमडल्या, कामावर जायचंय म्हणाली आणि पिशवी उचलून गेली. पिशवीतून सँडपेपरची गुंडाळी बाहेर डोकावत होती.

टेम्पोत दार लावून घेतल्यावर हा माणूस लहान पोरासारखा उसळला. मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘धाकटे, बघितलंत? तेच मॉडेल! बाजूचं चित्रसुद्धा तेच! लाकूड काय आहे, वा! आणि पोरीने आवाजावरून कसं ओळखलं बघा, बोर्ड जिवंत आहे म्हणून! एका वाक्यात! आमच्या कंपनीतल्या एकालाही जमलं नसतं.’

‘हे तिला सांगायला हवं होतं.’

‘सांगणार ना. सौदा झाला की सांगणार.’

‘ती रडवेली झाली होती.’

‘तेच तर! तिच्या तोंडाकडे बघून तो लाँड्रीवाला घाबरला. आता आठवडाभर त्याला शिजू द्यायचं.’

मला त्यांच्या टाळक्यात पाना घालावासा वाटत होता. पण मी टेम्पो चालवत होतो, दोन्ही हात कामात होते.

त्या आठवड्यात त्यांच्या घरी काय चाललं होतं ते ताईने सांगितलं. साहेबांनी हॉलमधलं काचेचं कपाट स्वतः ढकलून कोपऱ्यात नेलं. भिंतीवर पेन्सिलीने मशीनची उंची आखली. ताईला त्या आखलेल्या जागेपुढे उभं केलं आणि ‘इथे बिट्टी बसेल, मागचं झाकण उघडून. इथे मी, बॅटरी धरून,’ असं समजावून सांगितलं. दर रविवारी ती येईल. सकाळी येईल, दुपारी इथेच जेवेल. मशीन जुनं आहे, एका रविवारात थोडंच होतंय? वर्षभर पुरेल. ताई म्हणाली, हा माणूस दात घासताना टुंई टुंई करत होता.

‘मग तिला फोन करून सांगा ना, मला आवडलं म्हणून,’ ताई म्हणाली.

‘वेडी आहेस का? ती हसत हसत त्या लाँड्रीत जाईल आणि तो भाव चढवून बसेल. थोडी कळ काढ.’

ताईने स्वतः सांगायचा प्रयत्न केला. बिट्टी म्हणाली, ‘आई, तू नेहमी हेच सांगतेस. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं म्हणून. मी त्यांनी जे म्हटलं तेवढंच ऐकलंय,’ आणि विषय बदलला.

पुढच्या आठवड्यात आम्ही परत गेलो. साडूंनी बिट्टीला कळवलं नव्हतं. पोरगी समोर नसली की मोकळेपणाने घासाघीस करता येईल आणि संध्याकाळी टेम्पोत मशीन घालून थेट तिच्या खोलीखाली जाऊन हॉर्न वाजवायचा, असा बेत होता. रिकाम्या टेम्पोत त्यांनी दोन जुन्या गाद्या टाकून ठेवल्या होत्या. मशीनला दणके बसू नयेत म्हणून. माझ्या टेम्पोतून त्यांचा स्वतःचा फ्रिज आला होता तेव्हा गाद्या नव्हत्या.

लाँड्रीत मशीनवर पुन्हा शर्टांच्या चळती चढल्या होत्या. साडूंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, जणू आता मशीन फक्त टेबल म्हणूनच लायक उरलंय.

‘विचार केला मी,’ ते म्हणाले. ‘तसं काही राहिलेलं नाही त्यात. पिक्चर ट्यूब गेली, लाकूड गेलं, वायरिंग गेलं. सरळ टोटल लॉस. उद्या तुमच्या दुकानात शॉर्टसर्किट झालं तर विमावाले दमडी देणार नाहीत, हे मी तुम्हाला सांगतो, कारण मीच तो विमावाला. जागा मोकळी करायची असेल तर मी उपकार म्हणून—’

‘झालं तुमचं?’ लाँड्रीवाल्याने विचारलं. त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि पहिल्यांदाच साडूंकडे सरळ बघितलं. ‘एक विचारतो साहेब. ही किंमत तुम्ही कोणासाठी पाडताय?’

‘म्हणजे?’

‘ते मशीन माझं नाही. तुमच्या मुलीचं आहे. तुम्ही मागे आलात त्याच्या आधीच घेतलंय तिने. मी सांगितले तेवढे पैसे मोजून दिले, घासाघीस केली नाही. म्हणाली, बाबांना द्यायचंय, तुम्ही मात्र काही बोलू नका, मला त्यांचा चेहरा बघायचाय.’

रस्त्यावरून कोणीतरी कपड्यांचं गाठोडं आणून काउंटरवर टाकलं आणि पावती घेऊन गेलं.

‘मी मधे बोलणार होतो त्या दिवशी,’ लाँड्रीवाला म्हणाला. ‘तिने थांबवलं. तिला वाटत होतं, तुम्ही शेवटी काहीतरी चांगलं बोलाल.’

साडू मशीनकडे बघत होते. त्यांचे हात मागे बांधलेलेच होते, पण आता त्या हातांना काय करायचं ते सुचत नसल्यासारखे दिसत होते. मला त्यांची कीव आली. ज्या माणसाने माझ्या घराच्या भिंतीला ओल लावली त्याची कीव यावी, याचा मला रागही आला.

‘परवा येऊन गेली ती. म्हणाली, बाबांना नाही आवडलं, भंगारवाल्याला देऊन टाका. मी पैसे परत करत होतो, नको म्हणाली. भंगारवाला उद्या येतोय.’

‘मी घेतो,’ साडू एकदम म्हणाले. ‘तुम्ही म्हणाल ती किंमत. दुप्पट सांगा. मी एक अक्षर बोलणार नाही.’

‘अहो, दुसऱ्याचा माल मी कसा विकू? तिला विचारा. ती हो म्हणाली की घेऊन जा, मी हात लावतो उचलायला.’

फोन लावायला त्यांना फार वेळ लागला. आधी म्हणाले, तुम्ही लावा धाकटे. मी नाही म्हणालो. मग म्हणाले, तुमच्या ताईला सांगूया, ती बोलेल. मी टेम्पोची किल्ली खिशात टाकली आणि स्टुलावर बसलो. शेवटी त्यांनी फोन लावला. इस्त्रीची वाफ, बाहेरची वर्दळ, त्यात त्यांना नीट ऐकू येईना म्हणून त्यांनी आवाज मोठा केला आणि आम्हा दोघांना सगळं ऐकू आलं.

‘बिट्टी, मी लाँड्रीतून बोलतोय.’

‘बोला.’

‘मशीन भंगारात देऊ नकोस. मला हवंय ते.’

‘कशाला? भंगार आहे ना?’

‘अगं, ते मी यांच्यासाठी बोललो. मला वाटलं, विकत घ्यायचंय. किंमत पाडायला बोलावं लागतं तसं. मला फार आवडलंय ते. त्या दिवशी बघताक्षणीच आवडलं.’

पलीकडे कसलंतरी यंत्र टिकटिक करत होतं. ती कामावर असावी.

‘आणि माझी नोकरी बाबा? माझी खोली? दहावीचे मार्क, चित्रं, सगळं? तेव्हा समोर कुठला लाँड्रीवाला होता? तेव्हा कोणाची किंमत पाडत होतात?’

आमच्या साडूंना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं. पत्रा का गंजला याचं असतं, ओल का येणार याचं असतं. लाँड्रीवाल्याने पुन्हा इस्त्री उचलली आणि इस्त्री करून झालेल्या शर्टावरूनच ती फिरवायला लागला.

‘मला वाटायचं,’ साडू म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला, ‘जे आपल्याला हवं असतं त्याला नावं ठेवायची. म्हणजे ते कोणी दुसरं नेत नाही. आपल्याकडेच राहतं.’

‘मशीनला ऐकू येत नाही बाबा. मला येत होतं.’

त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. चष्मा काढायचं राहिलं, तो तसाच कपाळावर गेला.

‘हो,’ ते म्हणाले. ‘येत होतं.’

पलीकडची टिकटिक बंद झाली. मग ती म्हणाली, ‘घेऊन जा. तुमच्यासाठीच घेतलं होतं.’

‘आणि दुरुस्ती? तू येशील?’

‘रविवारी येते. पण मी काम करत असताना तुम्ही त्या खोलीत थांबायचं नाही.’

‘मी नुसती बॅटरी धरीन. बोलणार नाही.’

‘नाही. बाहेर बसायचं.’

‘बरं,’ साडू म्हणाले.

आम्ही तिघांनी मशीन उचललं. गाद्यांवर आडवं ठेवलं. साडू पुढे माझ्या शेजारी न बसता मागेच त्याला धरून बसले आणि प्रत्येक खड्ड्याला आतून ‘सावकाश’ म्हणून ओरडत राहिले. तिच्या खोलीखाली जाऊन हॉर्न वाजवायचं मी त्यांना विचारलंही नाही.

रविवारी बिट्टी आली. आईला मिठी मारली, माझी चौकशी केली, बापाला ‘आले’ एवढंच म्हणाली आणि हत्यारांची पेटी घेऊन हॉलमध्ये शिरली. दार लोटून घेतलं. साडू जिन्याच्या पायरीवर बसले. ताईने मला बोलावून घेतलं होतं, त्यांना सोबत म्हणून, म्हणजे खरं तर पहारा म्हणून. मीही त्यांच्या शेजारी बसलो. आतून स्क्रू पडल्याचा आवाज आला, घरंगळत गेल्याचा आला. यांची मान दाराकडे वळली.

‘तो बारका स्क्रू हरवला तर—’ ते म्हणाले आणि थांबले.

‘जाऊन सांगा की,’ मी म्हणालो. मला त्यांना थोडं छळायचंच होतं.

‘नको. बाहेर बसायला सांगितलंय तिने.’

दुपारी ताई जेवायला बोलवायला आली तेव्हाही ते तिथेच होते. आत काम चालू होतं. बिट्टी जेवायला थांबणार आहे का, हे विचारायचं त्यांनी ताईवर सोपवलं, आणि मग ताई आत जाताच स्वतः उठून दाराशी गेले आणि बंद दाराकडे तोंड करून उत्तराची वाट बघत उभे राहिले.